चिऊची जागा

जुनी शिडाची होडी आम्ही दोघांनी दुरुस्तीला घेतली, तेव्हा चिऊ रांगतही नव्हती. ती पाळण्यात झोपली की मी होडीच्या तळाचा रंग खरवडायचे. दोन वर्षं झाली, नखांतला निळा अजून पुरता गेलेला नाही. कठड्याला सगळीकडून जाळी हवी म्हणून मी हटूनच बसले होते. "होडी आहे ही बाई, पाळणाघर नाही," असं म्हणत का होईना, नवऱ्याने जाळी बांधली.

मग शिडाच्या सगळ्या दोऱ्या त्याने मागे, सुकाणूपाशी आणून घेतल्या. "तू फक्त चिऊला धरून बस. बाकीचं मी एकटा बघतो." एवढी काळजी करणारा नवरा मिळाला, हे मी आईला मुद्दाम फोन करून सांगितलं.

आज तो नवं शीड आणायला गेला होता. चिऊला कडेवर घेऊन मी आत उतरले, तर सुतारकाका तिच्या छोट्या बर्थच्या फळीचे स्क्रू काढत होते. झोपेत लोळून पडू नये म्हणून ती फळी मीच लावून घेतली होती.

"काका, हे का काढताय?"

"साहेबांनी सांगितलंय. इथे प्यायच्या पाण्याची टाकी बसवायची."

"बरं झालं. पाण्याची धास्ती मला होतीच. चिऊ झोपेल माझ्या कुशीत. किती दिवस पुरेल हो?"

काकांनी खिशातून नवऱ्याने लिहून दिलेला कागद काढून उघडला.

 

"साठ दिवस, ताई. एका माणसाला."