उजवी बाही

"ते मशीन जागचं हलवू नकोस!" दुकानात शिरता शिरताच भाऊ ओरडला.

"उद्या सकाळी कुलूप लागणार. मग काय डोक्यावर घेऊन बसू?" ताई म्हणाली आणि कात्र्या पेटीत टाकत राहिली.

याच मशीनवर लोकांचे कपडे शिवून तिने धाकट्या भावाला वकील केलं होतं. दुकानाचं भाडं एकदाही चुकवलं नव्हतं. आणि आता हा नवा कायदा! मालकाने नोटीस डकवली की जुना भाडेकरू बाहेर. ना सुनावणी, ना दाद. चुलीत घाला असला कायदा!

जास्त चीड याची, की तो पास झाला तेव्हा भाऊ स्वतः सभागृहात होता. पोटनिवडणुकीत निवडून आला, जेमतेम काही महिने आमदार होता, पुढच्या खेपेला पडला. आता पुन्हा कोर्टात.

"जीव तोडून विरोध केला गं मी," तो म्हणाला. "हरकत आहे म्हणून घसा कोरडा केला. पण एवढा गोंधळ, की कोण काय बोलतंय तेच कळेना. तेवढ्यात अध्यक्षांनी बाजूने असलेल्यांचे हात मोजले. निम्म्याहून एक जास्त भरला. एकच! आपल्यातलाच कुणीतरी फितूर झाला."

"हात झडो मेल्याचा," ताई म्हणाली.

भाऊ उकाड्यातही कोट घालून आला होता. त्याचे काळे कोट पहिल्यापासून तीच शिवायची. उजवी बाही चांगली चार बोटं लांब ठेवायची, नाहीतर हात उचलला की कोपरापर्यंत घसरायची. आणि याचा हात सदा वर! कोर्टात हरकत घ्यायची तरी आधी हात वर, घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी आधी हात वर. हात खाली सोडला की बाहीत बोटं बुडायची, वकिलांच्या बार रूममध्ये सगळे हसायचे. हा मात्र दुसरा शिंपी करायला तयार नव्हता.

"आता हसशील तू," तो म्हणाला. "त्या दिवसाचं चित्रीकरण मिळालंय. आत्ताच हाती आलं आणि तसंच सगळ्या वर्तमानपत्रांना धाडलं. संध्याकाळी पत्रकार बोलावलेत. त्या हरामखोराला उघडा पाडतो की नाही बघ!"

ताईने चष्मा लावला. त्याने मोबाइल तिच्यासमोर धरला.

पडद्यावर नुसती आरडाओरड. निम्मे सदस्य उभेच होते. कुठूनतरी भावाचा आवाज आला, "हरकत आहे! माझी हरकत आहे!" त्यावर अध्यक्षांचा आवाज चढला, "बाजूने असणाऱ्यांनी हात वर करावेत." हात वर झाले.

"हे सगळे त्यांचे," भाऊ बोट फिरवत म्हणाला. "आता आपल्या बाजूला शेवटच्या रांगेत बघ. हा! एकटाच आहे. पुढे माणसं उभी आहेत म्हणून तोंड दिसत नाही. पण हात बघ कसा ताठ केलाय, लाज नाही लेकाला!"

ताईने मोबाइल त्याच्या हातातून घेऊन डोळ्यांजवळ धरला.

बाकी सगळ्यांच्या बाह्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. त्या एका हाताची काळी बाही मनगटावर जिथल्या तिथे होती.