हात धुतलेलं पाणी

आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला खालच्या गावची माणसं कोरड्या कालव्यातूनच वरच्या गावात चालत आली. पुढे लेक बुरुलचा, मागे तिचा नवरा असानकुल आणि शेजारपाजारचे चारसहाजण.

"ये ताई," म्हणत कुबातनं बहिणीला दारातच कवटाळलं. धाकट्या भावाच्या कमरेची किल्ली तिला टोचली. धरणाच्या दरवाजाची. महिनाभर तो दरवाजा उघडला नव्हता.

सगळे बसल्यावर कुबात झारी आणि हातांखाली धरायचं तस्त घेऊन एकेकाच्या हातावर पाणी घालू लागला. बुरुलचापाशी आला तेव्हा तिनं हात पुढे केले नाहीत.

"एक रात्र पाणी सोड रे. जर्दाळूंची पानं गळायला लागलीत."

"आज नको हा विषय."

"मग कधी? आई गेली. आता मला वर बोलावणार कोण?"

"अर्धं धरण गाळानं भरलंय, ताई. आमच्या बटाट्यांनाच पुरत नाही. सोडलं तर हे लोक उद्याच किल्ली काढून घेतील."

हे लोक, वरच्या गावचे, समोरच बसले होते. त्यातला एक डोक्यावरचा कल्पाक सावरत म्हणाला, "लेक दिली ना तुम्हाला खाली? आता धरणही आंदण पाहिजे?"

दोघेतिघे हसले. भाऊ त्याला काही बोलेल म्हणून बुरुलचा थांबली. कुबात झारीकडे बघत राहिला.

"तुझ्या वेळी आईला सातवा होता," ती म्हणाली. "तशीच धरणाच्या भिंतीसाठी खडी वाहायची. खालच्या बायका तिची बादली हातातून काढून घ्यायच्या. दोन्ही गावांनी ओतलीय ती भिंत."

"हात पुढे कर, ताई. जेवण निवतंय."

तिनं हात पुढे केले. कुबातनं पाणी घातलं. इतरांपेक्षा जास्त घातलं, झारी रिकामी होईपर्यंत घालतच राहिला. मग ओतायला म्हणून त्यानं तस्त उचललं.

"टाकू नको." बुरुलचानं ते त्याच्या हातातून घेतलं. गढूळ, साबणाचं, सगळ्यांच्या हातांचं पाणी. "एका झाडाला होईल."

ती उठली. असानकुल उठला. त्याच्या मागोमाग खालच्या गावची सगळी माणसं उठली. त्यांच्यापुढची रोटी कुणी मोडली नव्हती.

धरणाच्या भिंतीखाली ती कालव्यात उतरली. मागून कुबातची हाक आली. पुन्हा आली. बुरुलचा वळली नाही. वळली असती, तर पाणी सांडलं असतं.