स्टिअरिंगची मदत

अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांचा डावा हात धड उचलेना, तेव्हा लेकीने त्यांना गाडी चालवायचा गेम आणून दिला. टेबलाला खऱ्यासारखं स्टिअरिंग बसवलं आणि गुपचूप सेटिंगमध्ये जाऊन स्टिअरिंगची मदत चालू करून ठेवली. हात कमी पडला तरी गाडी आपली आपण वळण घ्यायची. जन्मभर टॅक्सी चालवलेला माणूस हरखून गेला.

पण गेला आठवडाभर बाबांनी एकच धोशा लावला होता, "खऱ्या गाडीची चावी दे." तिच्या जिवाला घोर लागला. चावी पिठाच्या डब्यात लपवली, तरी चैन पडेना. शेवटी तिने मन घट्ट केलं. मदत बंद करायची. पहिल्याच वळणावर गाडी कठड्यावर आदळली, की त्यांचं त्यांना कळेल.

बाबा घाटातली वळणं सपासप मागे टाकत होते. "एक मिनिट हं," म्हणत तिने गेम थांबवला आणि सेटिंग उघडलं.

मदत बंदच होती.

"महिना झाला त्याला," बाबा म्हणाले. "गाडी माझ्याआधी वळायची, हाताला कामच उरायचं नाही. आता चावी दे. आणि देताना पीठ झटक."