विश्रामची दुपार

एसटीतून निवृत्त झालेला विश्राम तांडेल खाडीच्या धक्क्यावर गळ टाकून बसला, की कानामागे लावलेलं यंत्र त्याच्या मनातला निवांतपणा टिपून घेई. यंत्राची कंपनी तो शहरात विकी. तिथली माणसं तसंच यंत्र लावून घरबसल्या विश्रामची दुपार अनुभवत.

अलीकडे मात्र गळ टाकला, की विश्रामच्या मनात पहिला विचार येई तो आपण आज पुरेसे निवांत आहोत ना, हाच.

एके दिवशी पुण्याहून रेवती सबनीस नावाची मुलगी त्याला शोधत धक्क्यावर आली.

"काका, मी तुमच्या दुपारी विकत घेते. हल्ली त्यात धाकधूक जाणवते. तुम्हाला बरं नाही का, ते बघायला आले."

विश्राम ओशाळला. कंपनीची माणसं तक्रार करत, पण अशी विचारपूस कुणी केली नव्हती. त्याने यंत्र काढून खिशात टाकलं आणि गळाची काठी तिच्या हातात दिली.

"जमेल ना?"

"तुमच्याबरोबर कितीदा तरी धरलीय," ती म्हणाली. पण दोरीला ओढ लागताच तिने घाईने हिसका दिला आणि मासा सुटला. मग ती पाय खाजवू लागली. "काका, तुमच्या दुपारीत डास नसतात."

"असतात गो. कंपनी ते काढून टाकते."

दोघंही हसत सुटली. विश्रामने गळाला नवं आमिष लावलं. उन्हं कलली तरी दोघांपैकी कुणी उठायचं नाव घेईना. त्या दिवशीची दुपार कंपनीकडे पोचलीच नाही.