उघडलेली छत्री

"छत्री उगडली हुती, आप्पा. म्या सोता बगितली," केरबा म्हणाला आणि तवनाप्पाच्या हातातला चहा बशीत सांडला.

सांगलीजवळच्या आपल्या गावाहून तवनाप्पा कोरेगावात आला होता तो मुलाचा माग काढत. एकुलता एक आदगोंडा लढाऊ विमान चालवायचा. चव्वेचाळीस साली ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तो विमानासकट नाहीसा झाला. लढाई संपली, कैदी सुटून आले, आदगोंडा काही आला नाही. मग सरकारने कळवले, मेला असे धरावे. धरावे म्हणजे काय, असे सून त्रिशला विचारी. डोळ्यांनी पाहिलेला माणूस सांगेपर्यंत कुंकू पुसणार नाही, म्हणे. तिचे वय बावीस. त्यांच्या समाजात विधवेचा पाट, म्हणजे दुसरा विवाह, लागत असे. कुपवाडचा एक भला शेतकरी, बायको वारलेला, मागणी घालून वाट पाहत होता. त्रिशला त्याचे नावही काढू देत नसे. म्हणून तवनाप्पा वर्षभर पलटणीतून परतलेल्या माणसांचे उंबरे झिजवत होता.

केरबा त्या विमानतळावर पहाऱ्याला होता. आदगोंडाशी त्याची गट्टी जमली ती बोलीवरून. "सायेब आसून माज्यासंगं घरच्यावानी बोलायचं. ऊस, गुऱ्हाळ, दुसरं काय! गरम काकवीची याद निगाली की जीभ चाटायचं."

तवनाप्पा हसला. त्याला तो दिवस आठवला. पोराने पुण्याहून विमान आणून गावावर दोन घिरट्या घातल्या होत्या. गुऱ्हाळाचे बैल उधळले, माणसे छपरांवर चढली आणि त्रिशला, नवी नवरी, डोक्यावरचा पदर विसरून आभाळाकडे बघत राहिली. तवनाप्पा वरवर पोराला शिव्या देत होता आणि दिवसभर गावाला गूळ वाटत होता. किती सुखाचे दिवस होते ते!

"इमान पेटलं," केरबा सांगू लागला. "त्यातनं छत्री भाईर पडली, उगडली, नदीपल्याडच्या रानात उतरली. तिकडं समदं जपानी. फुडचं मला ठावं न्हाई. पर आशा हाय की, आप्पा! जावा, सूनबाईस्नी सांगा."

तवनाप्पाचे काळीज सुपाएवढे झाले. मग त्याला त्रिशला दिसली. तिशीतली, चाळिशीतली, केस पिकलेली, रोज कुंकू लावून दारात उभी राहणारी. एवढीशी आशा तिला जन्मभर पुरली असती.

"केरबा, ही छत्री इसर," तो म्हणाला. "कुनी इचारलं, तर तू त्याला सोताच्या हातानं अग्नी दिलास."

"आवं, येवढं खोटं कशापायी?"

"पोरीपायी."

तवनाप्पा म्हणजे खोटे बोलले की घास न उतरणारा माणूस. बाजारात लोक त्याच्या भोळेपणाला हसत, पण व्यवहाराला त्याच्याकडेच येत. मिरजेच्या गाडीत तो वाटभर ते एकच वाक्य घोकत बसला. घरी पोचला तेव्हा त्रिशला अंगणातच होती. त्याने सांगितले. ती रडली नाही. जवळ आली आणि म्हणाली, "मामा, माज्या डोईवर हात ठिऊन सांगा."

असा हात ठेवून खोटे बोलले तर ते ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्यालाच बाधते, हे तवनाप्पा लहानपणापासून ऐकत आला होता. त्याने डोळे मिटले आणि हात ठेवला. "गेला, बाळ. केरबानं अग्नी दिला." मग त्रिशला त्याच्या पायाशी बसून अशी रडली, की शेजारच्या बाया धावत आल्या.

तवनाप्पाने पोराचे सुतक पाळले. वर्षाने त्रिशलाचा पाट लागला. कुपवाडच्या बैलगाडीत चढताना ती सासऱ्याच्या गळ्यात पडली आणि तोही पोटची लेक निघाल्यासारखा रडला. गाडी वळणाआड गेली. तवनाप्पा रिकाम्या घराच्या सोप्यात येऊन टेकला. पोराची वाट बघणे त्याने एक दिवसही सोडले नव्हते. त्याने हात जोडले आणि तो पुटपुटला,

"आदू, जिता आसलास तर आसशील तितं सुखात ऱ्हा, लेकरा. पर आता घरला येऊ नगंस."