बाळ कुठलं?

"जन्मगाव?" मी विचारलं.

"समुद्र," बाई म्हणाली. "तालुका-जिल्हाही सांगू का, भाऊ?"

परक्या बंदरातल्या आपल्या वकिलातीत मी कारकून होतो. तिचा नवरा मालवाहू जहाजावर इंजिनियर, ती सोबत निघालेली, आणि बाळ महिनाभर आधीच आलं. आता बाळाचा कागद झाला, तरच मायलेकांना शनिवारच्या विमानाने घरी जाता येणार होतं.

"जहाजावर झेंडा दुसऱ्याच देशाचा होता हो," बाळाला छातीशी धरत ती म्हणाली. "हा त्यांचा झाला, तर मी एकटी जाऊ?"

मी नियमांचं पान तीनदा वाचलं. स्वतःच्या डोळ्यांवर माझा फारसा विश्वास नसतो.

"नाही ताई. आईवडील भारतीय आहेत आणि वर्षाच्या आत नोंद होतेय. म्हणजे बाळ भारतीयच."

"बघा! मग मी याची नाळ उगाच सांभाळून ठेवलीय का?" तिने पर्समधून एक डबी काढून दाखवली. "देवगडला आमच्या अंगणात पुरायचीय. आता मोठ्या बॅगेत भरते."

शिक्का मारताना मी हळूच म्हणालो, "डबी हातातच ठेवा. विमानातलं सामान कधी कधी भलत्याच देशात उतरतं."