रविवारी गायब होणारं वाक्य

अरे ऐक ना, मध्ये बोलू नकोस! आपली शिरगावची यशोधरा मराठी विकिपीडियावर पिसंवाल्या डायनासोरांची पानं लिहिते ना, कुणी नावही ऐकलं नसेल अशांची? तर तिने अँकिऑर्निसचं पान केलं. चणीने कोंबडीएवढा, पायांना सुद्धा पिसं. शेवटी एक वाक्य टाकलं, की आपली कोंबडी पण डायनासोरच आहे. संदर्भासकट, हां! पण दर रविवारी तेवढंच वाक्य कुणीतरी उडवायचं. ही परत टाकायची, रविवार आला की परत गायब. पोरगी जाम पिसाळली!

काल तिने पाळतच ठेवली. वाक्य गेलं आणि बघते तर काय, किचनमध्ये मम्मीच्या हातात मोबाईल, स्क्रीनवर वाटणाची बोटं!

"मम्मी, तू?"

"हळू बोल गं! ते वाचून तुझे पप्पा भरल्या ताटावरून उठले होते. म्हणे, एवढ्या मोठ्या खानदानातला जीव रश्श्यात कसा टाकायचा? मग मी सांगितलं, ते चुकलं होतं, यशूनेच काढलं. आता दर रविवारी आधी तुझं पान उघडून बघतात, मगच चिकनला हात लावतात."

तेवढ्यात हॉलमधून पप्पांचा आवाज, लेगपीस हातात धरूनच. "यशू, ते कोंबडीचं नक्की चुकीचंच होतं ना गं?"

मम्मी तिच्याकडे बघतेय, ती मम्मीकडे. तू असतास तर काय सांगितलं असतंस, बोल!